राजाची तलवार आणि शिपायाची रायफल

२०२५ सालच्या एप्रिल महिन्यात लंडनच्या सदबीज या लिलावगृहात नागपूरकर भोसल्यांचे मूळ कर्ते पहिले रघुजीराजे यांची तलवार विक्रीस निघाली आणि महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपये खर्चून ती मिळविली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली, तिचे शासकीय स्वागत झाले, वृत्तपत्रांनी अग्रलेख लिहिले. या खरेदीस प्रस्तुत लेखकाचा विरोध नाही. जे परक्यांच्या हाती गेले ते परत आणणे योग्यच आहे. परंतु ज्या समाजाचे शासन राजाच्या एका तलवारीसाठी लंडनच्या बाजारात बोली लावते, त्याच समाजात सामान्य शिपायाच्या खांद्यावर पाऊणशे-शंभर वर्षे राहिलेल्या रायफलीचे काय होते, हा प्रश्न कोणी विचारला नाही. तो विचारणे आवश्यक आहे. कारण इतिहास कोणाचा मानला जातो आणि भंगार कोणाचे, हे या एका प्रश्नाच्या उत्तरावरून कळते.

ही रायफल म्हणजे आपल्याकडे सर्वतोमुखी असलेली 'थ्री-नॉट-थ्री', इंग्रजी नावाने ली-एनफिल्ड. दर गोळीला बोल्टची मूठ उचलून मागे ओढावयाची, रिकामे काडतूस बाहेर पडले की पुढे ढकलून नवे काडतूस नळीत बसवावयाचे, अशी हिची रचना. जर्मनांची माऊजर, रशियनांची मोसिन-नागान, इटालियनांची कार्कानो या हिच्याच पिढीतल्या भगिनी. विसाव्या शतकातील दोन्ही महायुद्धे मुख्यतः याच जातीच्या रायफलींनी लढली गेली. ली-एनफिल्डच जगभरात दीड कोटीहून अधिक तयार झाल्या आणि त्यांतील मोठा वाटा बंगालमधील इच्छापूरच्या कारखान्यात, भारतीय कामगारांच्या हातून, निघाला. १९६२ साली चीनशी लढताना आपल्या जवानांच्या हाती हीच होती. सैन्याने ती पुढे टाकून दिली, पण पोलिसांच्या खांद्यावरून ती उतरली नाही. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला समारंभपूर्वक निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० रोजी. निरोपानंतर काय होते? सेवेतून बाद झालेली शस्त्रे मोडून, वितळवून नष्ट करावयाची, ही आपली सर्वसाधारण सरकारी रीत आहे.

एकीकडे भट्टी आणि दुसरीकडे बाजार. अमेरिका आणि युरोपात जुन्या लष्करी बोल्ट रायफली जमविणे हा एक प्रतिष्ठित छंद आहे. रायफलीवरील शिक्का, कारखान्याची खूण, वर्ष, दस्त्याचे लाकूड यांवरून तिची किंमत ठरते. इच्छापूरच्या रायफलीही सैन्याबाहेर पडल्यावर अमेरिकेत स्वस्तात विकल्या गेल्या आणि आज त्या तेथील संग्राहकांच्या कपाटांत आहेत. टेक्ससमधील एखाद्या हौशी माणसाला इच्छापूरच्या शिक्क्यांचा जितका अभ्यास असतो, तितका आमच्या इतिहासाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला नसतो. कारण त्याने ती रायफल हाताळण्याइतक्या जवळून पाहिलेलीच नसते. आणि आता आपल्याकडेही असा एक वर्ग उभा राहत आहे, ज्याला हा छंद हवा आहे आणि त्यासाठी कायदा सैल करून हवा आहे.

या दोन्ही वाटांना विरोध करावयाचा म्हणून हा लेख. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: ही रायफल भंगार नाही आणि दिवाणखान्याची शोभाही नाही. ती पुरावा आहे. पुराव्याची मालकी खासगी असू शकत नाही, आणि पुरावा जाळून टाकण्याचा अधिकार शासनालाही नाही.

पुरावा कशाचा? पहिला पुरावा विषमतेचा. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांची फौज आणि कंपनीची फौज लढली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या बंदुकांत जातीचा फरक फारसा नव्हता. दोन्ही तोंडाने भरावयाच्या. १८५७ च्या उठावानंतर मात्र इंग्रजांनी शस्त्रांतील अंतर हे राज्य टिकविण्याचे साधन बनविले. देशी पलटणींना दिलेल्या बंदुकांच्या नळीतील आटे काढून टाकण्यात आले, म्हणजे गोळी दूर आणि अचूक जाऊ नये. काही डोंगरी तुकड्या वगळता तोफखाना देशी माणसाच्या हातून काढून घेतला. गोऱ्या सैनिकाला मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा देशी सैनिकाकडे स्नायडर. गोऱ्याला मॅगझिनची नवी ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा देशीला जुनी मार्टिनी. एक पिढी मागे ठेवावयाचे, हे धोरण होते. मग १९१४ साली युरोपात युद्ध पेटले आणि हिंदी पलटणी फ्रान्समध्ये मार्सेच्या बंदरात उतरल्या, तेव्हा काय झाले? त्यांच्या रायफली जमा करून घेऊन तेथेच नव्या नमुन्याच्या रायफली त्यांना देण्यात आल्या. स्वदेशात ज्याच्यावर विश्वास नव्हता, त्याच्यावर परदेशातील खंदकात मरावयाचे म्हटल्यावर एकाएकी विश्वास बसला. त्या महायुद्धात १३ लाखांहून अधिक हिंदी माणसे साम्राज्यासाठी बाहेर गेली आणि ७४ हजारांहून अधिक परतली नाहीत.

याच इच्छापुरात ली-एनफिल्डचे आणखी एक रूप घडविले गेले. ते पाहिले म्हणजे साम्राज्यशाहीची मनोवृत्ती समजण्यास दुसरे पुस्तक नको. तिच्या नळीतील आटे काढून, मॅगझिनची जागा लाकडी ठोकळ्याने बुजवून, एका वेळी एकच हलके काडतूस मावेल अशी 'चारशे दहा'ची मस्केट तयार केली आणि ती तुरुंगाच्या पहारेकऱ्यांच्या व पोलिसांच्या हाती दिली. हेतू असा की, गर्दी पांगविण्यापुरते हत्यार शिपायाकडे असावे, पण उद्या तोच शिपाई उलटला तर त्याच्या हातात खरी रायफल नसावी. एका लाकडी ठोकळ्यात राज्यकर्त्याचा आपल्याच नोकराविषयीचा अविश्वास कोरून ठेवलेला आहे. तो ठोकळा संग्राहकाला 'दुर्मीळ प्रकार' म्हणून प्रिय असतो, सरकारी भांडारपालाला लाकूड म्हणून निरुपयोगी वाटतो. त्याचा अर्थ मात्र दोघांच्याही हिशेबात नाही.

दुसरा पुरावा रक्ताचा. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत जनरल डायरच्या हुकुमाने ५० रायफलींनी १,६५० गोळ्या झाडल्या आणि सरकारी आकडा मानला तरी ३७९ माणसे मारली. या गोळ्या 'थ्री-नॉट-थ्री'च्या होत्या आणि चाप ओढणारी बोटे आपल्याच देशातील व नेपाळातील गरीब शेतकऱ्यांच्या पोरांची होती. नागपूरच्या आसपासचे पाहावयाचे तर १६ ऑगस्ट १९४२ या दिवशी चिमूर आणि आष्टी येथे सरकारी बंदुकांनी लोकांचे बळी घेतले. आणि राज्य गोऱ्यांचे जाऊन आपले आले तरी बंदुकीची दिशा फिरली नाही: संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात शंभरावर माणसे गोळीबारात पडली, ती स्वतंत्र भारतात. या रायफलींवर अनुक्रमांक असतात. कोणत्या अनुक्रमांकाची रायफल कोणत्या दिवशी कोणत्या शिपायाला दिली, किती काडतुसे दिली, किती परत आली, याची नोंद पोलीस ठेवतात. म्हणजे रायफल आणि नोंदवही मिळून एक दस्तऐवज होतो. रायफल भट्टीत आणि नोंदवही वाळवीच्या तोंडी गेली की शासनाने आपल्या गोळीबाराचा हिशेब कायमचा बेबाक केला, असे समजावे.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. संग्राहक म्हणतो: "शासन वितळविते, मी जपतो. मग गुन्हेगार कोण?" या प्रश्नात तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. जगात जुन्या शस्त्रांविषयीचे पुष्कळसे ज्ञान अशा हौशी माणसांनीच टिकविले आहे. परंतु जपणे आणि बाळगणे यांत फरक आहे. कपाटात कुलूपबंद असलेली वस्तू जपली जाते ती मालकासाठी; समाजाच्या स्मृतीत तिची भर पडत नाही. शिवाय वस्तूची किंमत तिच्या दुर्मीळतेवर ठरत असल्याने, शासनाने हजार रायफली वितळविल्या की संग्राहकाच्या दहा रायफलींचा भाव चढतो. अर्थशास्त्राचा हा पहिलाच धडा आहे. म्हणजे भट्टी आणि कपाट हे एकमेकांचे शत्रू दिसत असले, तरी बाजाराच्या हिशेबात एकमेकांचे भागीदार आहेत. थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ सालीच श्रीमंत रिकामटेकड्या वर्गाच्या दिखाऊ उपभोगाचे विश्लेषण करताना दाखवून दिले की, शिकारीची व लुटीची चिन्हे हा वर्ग प्रतिष्ठेची भूषणे म्हणून मिरवितो. आपल्या विदर्भातील मालगुजारांच्या वाड्यांत वाघाचे मुंडके आणि त्याखाली आडवी टांगलेली बंदूक ज्यांनी पाहिली असेल, त्यांना व्हेब्लेन समजावून सांगण्याची गरज नाही. मालगुजारी १९५१ साली गेली. ती भिंत आणि ती हौस मात्र गेली नाही.

दुसरा युक्तिवाद अधिक सफाईदार आहे आणि तो नागपूरकरांच्या काळजाला हात घालतो. म्हणतात, १८७८ चा शस्त्रबंदी कायदा इंग्रजांनी आपल्याला नामर्द करण्यासाठी केला. गांधीजींनीही १९१८ मध्ये सैन्यभरतीच्या पत्रकात त्याचा कठोर निषेध केला. आणि १९२७ साली आमच्या नागपुरात मंचरशा आवारी यांनी त्याच कायद्याविरुद्ध सत्याग्रह केला. मग स्वतंत्र भारतात १९५९ चा शस्त्र कायदा तीच गुलामी चालवीत नाही काय?

ज्या आवारींना नागपूरकर आदराने 'जनरल' म्हणत आले, त्यांच्या नावाचा हा दुरुपयोग थांबविला पाहिजे. त्यांचे सत्याग्रही तलवारी घेऊन नागपूरच्या रस्त्यांवरून उघडपणे निघत आणि पकडले जात. मागणी काय होती? बंगालमध्ये चौकशीविना डांबून ठेवलेल्या राजबंद्यांची सुटका. तलवार हे तेथे अन्यायी कायदा मोडण्याचे निमित्त होते. ती मिरवावयाची, हिसकावून घेऊ द्यावयाची आणि आपण तुरुंगात जावयाचे. गांधीजींना अहिंसेच्या आंदोलनात तलवार मान्य नव्हती, म्हणून त्यांनी या सत्याग्रहाला संमती दिली नाही. तो मतभेद स्वतंत्र विषय आहे. पण आवारींनी शस्त्र हाती धरले ते गमावण्यासाठी, जमविण्यासाठी नव्हे. ज्याने राजबंद्यांसाठी कारावास पत्करला, त्याचे नाव ज्यांना दिवाणखान्यात चौथी रायफल टांगावयाची आहे त्यांच्या अर्जाला जोडणे, यापेक्षा मोठी विटंबना कोणती?

आणि १८७८ च्या कायद्याचे पाप नेमके कशात होते? त्यात परवान्याची अट होती म्हणून नव्हे. त्या अटीतून गोऱ्यांना सूट होती, हे ते पाप. एकाच रस्त्यावरून चालणाऱ्या दोन माणसांपैकी एकाला केवळ कातडीच्या रंगामुळे बंदूक बाळगता येत होती. आज संग्राहकांसाठी वेगळी सवलत मागणारे हे विसरतात की, ते त्याच कायद्याचा तोच दोष नव्याने आणू पाहत आहेत. त्या काळी सूट वर्णाला होती, आता ती बँकेतील शिलकेला हवी आहे. २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा एका माणसाजवळ असू शकणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून एकावर आणण्याचा मूळ प्रस्ताव होता. वडिलोपार्जित शस्त्रांचा वारसा पुढे करून त्याला विरोध झाला आणि अखेर दोन ही संख्या ठरली. वारसा कोणाच्या वडिलांचा? शेतमजुराच्या वडिलांनी मागे बंदूक ठेवलेली नसते.

तिसरा युक्तिवाद असा की, शंभर वर्षांची जुनी रायफल, तिच्यापासून कोणाला भय? या भाबडेपणाला इतिहासाने उत्तर दिलेले आहे. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला तो दुसऱ्या महायुद्धातील इटालियन सैन्याच्या एका कार्कानो बोल्ट रायफलीने. खुन्याने ती दुर्बिणीसह वीस डॉलरच्या आत, टपालाने मागविली होती. लाकूड आणि पोलाद नीट राखले तर अशी रायफल शंभर वर्षांनीही पहिल्या दिवशीइतकीच अचूक मारते. तिचे आयुष्य माणसाच्या आयुष्याहून मोठे आहे. आपल्या शेजारच्या गडचिरोलीत चकमकींनंतर जप्त झालेल्या शस्त्रांच्या याद्यांत 'थ्री-नॉट-थ्री' वारंवार आढळली आहे. आदिवासी तरुण एका बाजूला आणि गरीब घरातील शिपाई दुसऱ्या बाजूला, दोघांच्याही हाती साम्राज्याची तीच रायफल. तिला 'अँटिक' म्हणण्याची चैन ज्याच्यावर ती रोखली जात नाही त्यालाच परवडते.

आपला १९५९ चा कायदा या बाबतीत शहाणा आहे, हे मान्य केले पाहिजे. त्याच्या ४५ व्या कलमाने जुन्या नमुन्याच्या किंवा पुरातन मूल्याच्या शस्त्राला परवान्यातून सूट आहे, परंतु केव्हा? जेव्हा ते दुरुस्त करूनही झाडता येणार नाही तेव्हा. म्हणजे पुरातन वस्तू जपा, हत्यार जपू नका. संग्राहकांच्या मागणीचे खरे स्वरूप या एका कसोटीवर उघडे पडते. इतिहासाचेच प्रेम असेल तर निकामी केलेली रायफल त्याला पुरेशी आहे. ती पुरेशी नसेल, तर प्रेम इतिहासावर नसून चापावर आहे.

आता शासनाच्या पदरात त्याचे माप घालू. ज्या रायफलीला परदेशातील श्रीमंत पुराणवस्तू म्हणून हाताळीत होते, तीच २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेतलेल्या मारेकऱ्यांसमोर रेल्वे पोलिसांच्या हाती होती. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हाती तर लाठीच होती. इंग्रजांनी देशी शिपायाला एक पिढी मागे ठेवले ते अविश्वासामुळे. आपल्या शासनाने त्याला दोन पिढ्या मागे ठेवले ते अनास्थेमुळे. परिणाम भोगणारा मात्र तोच राहिला. आणि शस्त्रे बाद करताना तरी गरिबाची आठवण होते काय? २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्याचे काम चालू असताना स्फोट झाला आणि सहा माणसे मेली. मृतांत आसपासच्या खेड्यांतून रोजीवर आलेले मजूर होते. युद्धसाहित्य नवे असताना शिपाई मरतो आणि जुने झाल्यावर मजूर मरतो. त्यांच्या नावाची तलवार कोणत्याही लिलावगृहात निघणार नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट मांडल्या पाहिजेत. पहिली: महाराष्ट्रात सेवेतून बाद झालेल्या रायफलींचा एकही साठा तज्ज्ञांनी पाहिल्याशिवाय भट्टीत जाऊ नये, प्रत्येक नमुन्याच्या, प्रत्येक कारखान्याच्या आणि कालखंडाच्या निवडक रायफली बाजूला काढाव्यात. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांवरील ऐतिहासिक वस्तूला संरक्षण दिलेले आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातील रायफलींनी ती मर्यादा ओलांडली आहे. मग राजाच्या तलवारीला लागू असलेले तत्त्व शिपायाच्या रायफलीला का नसावे? दुसरी: या रायफली नळी बुजवून, कायमच्या निकामी करून सार्वजनिक संग्रहालयांत ठेवाव्यात. नागपुरात १८६३ पासून अजब बंगला उभा आहे, त्यात शस्त्रदालनही आहे. आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला अंबाझरीचा आयुध कारखाना आहे, जेथील कुशल कामगार हे काम उत्तम करू शकतील. तिसरी: रायफलीबरोबर तिच्या नोंदवह्या पुराभिलेखागारात जमा व्हाव्यात आणि अभ्यासकांना खुल्या असाव्यात. चौथी: खासगी संग्राहकांना झाडता येण्याजोग्या लष्करी रायफली बाळगण्याची कोणतीही सवलत देऊ नये.

आणि अखेरचे, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे: त्या रायफलीखालील पाटीवर काय लिहावयाचे? केवळ 'ली-एनफिल्ड, इच्छापूर, अमुक साल' एवढेच लिहिले तर संग्राहकाचे कपाट आणि आपले संग्रहालय यांत फरक उरणार नाही. पाटीवर लिहावे: ही कोणत्या कामगारांनी घडविली, कोणी खांद्यावर वाहिली, कोणाच्या हुकुमाने रोखली गेली आणि कोणावर. राजाची तलवार पाहण्यास शाळेतील मुलांना अवश्य न्यावे. पण त्याच दालनात, त्याच उंचीच्या काचेच्या पेटीत, लाकडी ठोकळ्याने मॅगझिन बुजविलेली ती मस्केटही असावी. तलवार पाहून मुलांना आपल्या राजाचे शौर्य कळेल. तो ठोकळा पाहून राज्य म्हणजे काय असते, हे कळेल. लोकशाहीतील नागरिकाला या दोहोंपैकी कोणते ज्ञान अधिक उपयोगी पडणार आहे, याचा विचार ४७ लाख रुपये मोजणाऱ्यांनी एकदा अवश्य करावा.